गुरुवारचा पिवळा

सगळ्यात आधी ती सुटी करावी लागते.
शॉक काढला, मागचा त्रिकोण सोडवला,
लांब बोल्ट आणि दोन सॉकेटांच्या मध्ये दाबून
बेअरिंगं बाहेर घेतली. एकेक निघताना
खुर्चीतून उठणाऱ्या म्हाताऱ्यासारखं कण्हलं.
नटबोल्ट श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात,
झाकणावर मार्करने: हात लावू नये.
वृंदा म्हणाली, एवढ्यात नवी आली असती.
आली नसती. पण मी बोललो नाही.

सायकल रोमेलची. सहा वर्षं शेजारच्या टेबलावर
तो डक्टची मापं काढायचा, मी दर लावायचो.
नोकरी गेली, व्हिसाचे तीस दिवस उरले,
त्याने फ्रिज विकला, गादी विकली,
आणि ही माझ्या डिकीत ठेवत म्हणाला, पैसे नंतर दे.
नंतर म्हणजे कधी,
ते त्यानेही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

शारजा, इंडस्ट्रियल एरिया अकरा.
जुलै. सावलीत पडलेला पानासुद्धा बोट पोळवतो,
आणि अशा हवेत इथे माणसं
एकशेऐंशी अंशांची भट्टी पेटवून
खिडक्यांच्या जाळ्या भाजतात.
तोफज्जल नोआखालीचा. बाजारात कोंबडा तोलावा
तशी त्याने फ्रेम हातावर तोलली.
कार्बन नाही ना? भट्टीत वाया जाईल.
नाही, अ‍ॅल्युमिनियम.
मग रंग?

रंगांची पट्टी आठवडाभर माझ्या उशाशी होती.
मला एक निळा हवा होता,
स्टोव्हच्या ज्योतीच्या अगदी बुडाशी असतो तो.
तो हसला. एका फ्रेमसाठी पेटी फोडत नाहीत, साहेब.
ज्या दिवशी जे गेट, त्या दिवशी तो रंग.
सोमवारी बेज. (बेज म्हणजे अख्खं शारजा.)
बुधवारी तपकिरी.
गुरुवारी पिवळा, खोरफक्कानच्या बागेचे झोके आहेत.

पिवळा.
पोट सुटलेल्या माणसाने पिवळ्यावर बसावं का?

आटे आणि बेअरिंगच्या जागा मी स्वतः झाकल्या,
ताप सोसणारी हिरवी टेप, सिलिकॉनची बुचं.
बाकी कशावरही विश्वास ठेवीन, दुसऱ्याच्या टेपवर नाही.
वाळूचा मारा खाऊन ती बाहेर आली
करडी, कुठल्याच कंपनीची नसलेली.
रोमेलचे स्टिकर गेले होते
आणि खालच्या नळीवर, सगळ्यात मोठ्या स्टिकरच्या जागी,
एक पोचा. अंगठा बसेल एवढा.

भरता येईल?
लांबी भट्टीत फुगते, तोफज्जल म्हणाला. राहू दे.
त्याने नखाने टकटक केलं, कान लावला.
फुटलेली नाही. नुसती लागलेली आहे.

मग आकड्यावर, झोक्यांच्या पायांच्या रांगेत
मधोमध ही, परक्या वऱ्हाडात शिरल्यासारखी.
भुकटी उडाली, विजेच्या ओढीने चिकटली,
हळद लागल्यासारखी सगळी उभी, वधू कोण ते कळेना.
दार बंद झालं. आम्ही बाहेर चहा प्यायलो.
दीडशे दिरहम फ्रेमचे. चहाचे त्याने घेऊ दिले नाहीत.

नोव्हेंबरात शौकाच्या दगडांवर
पहिला टवका उडाला. जीव कळवळला,
मग बरं वाटलं, आता जपायची गरज उरली नाही.
परतताना वाट वाकडी करून खोरफक्कानला गेलो.
बाग शोधायला तासभर लागला.
साखळी घासून झोक्याच्या खांबावरही
तेवढाच टवका गेलेला. सायकल खांबाला टेकवली,
रंग कुठे संपतो, कुठे सुरू होतो, दिसेना.
झोका सोडून एक पोर बघत राहिली,
मी कुणाचं तरी उचलून आणलंय अशा नजरेने.

फोटो काढला, रोमेलला धाडला, सोबत उरलेले पैसे.
इलोइलोहून दोन दिवसांनी उत्तर आलं:
खालच्या नळीवर काही दिसलं का तुला?

स्वयंपाकघरात उभा होतो. सायकल भिंतीला.
वाकून अंगठा त्या पोच्यात ठेवला,
आणि दुसऱ्या हाताने टाइप केलं,
कुठे?